बिबट्याला वेसन कावून न्हवती?

लिंबागणेशाच्या गणपतीची आण, कपिलधारच्या पान्याची आण, तोंडात उरल्यासुरल्या दातांची आण, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. ज्याला खोटं वाटंल त्याची भाकर तव्याला चिकटू दे आन त्याचा जावई ऐन सणाला रुसू दे. मी काय ऐकीव सांगत न्हाई. डोळ्यानं बघितलंय, आन जे डोळ्याला दिसलं न्हाई ते भिताडाला कान लावून ऐकलंय.

गोष्ट रोहिणीची हाय. चकलांब्याच्या अलीकडं, रस्त्याच्या डाव्या अंगाला पत्र्याचं लांबलचक घर लागतं. म्होरं लिंब, लिंबाखाली दोन म्हशी. ते सर्जेरावाचं घर. सर्जेराव दोन बार सरपंच झालेला गडी. त्याची बायको दगडाबाई. थापा मारन्यात तिचा हात धरनारं पंचक्रोशीत कुनी न्हाई, पर बाई सोभावानं चांगली आन दिसायला आजूनबी देखणी, ते सांगितलंच पायजे. त्यांचा पोरगा अमरसिंह, त्याचं फाट्यावर पान्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. त्या अमरसिंहाची बायको रोहिणी, डी.एड. झालेली.

डी.एड. झालेली म्हंजी मास्तरीन होनार व्हती. भरती निघंल, भरती निघंल म्हनून वाट बघता बघता तिचं लगीन झालं, पोरगी झाली, पोरगं झालं. भरती काय झाली न्हाई. सर्टिफिकेट पेटीत गेलं, लग्नातल्या शालूच्या खाली, डांबरगोळ्यांच्या संगतीला.

पोरगी आरोही. ती बोलाया लागली तवा पैला शब्द 'माय' न्हाई, 'आबा' न्हाई. पैला शब्द 'कावून'. बांगड्या घेऊन कासार आला तर त्याला इचारलं, बांगडी गोल कावून? त्यानं सांगितलं, हात गोल असतो म्हनून. मग पाटली बी गोल कावून? मग तुमी गोल कावून? दुपारपोतर कासार गाठोडं तिथंच टाकून पळाला. ते गाठोडं आजून माळ्यावर हाय. चार दिस ऱ्हायाला आलेला पाव्हना जेवल्यावर हात धुता धुता येष्टी धरायचा. येकदा ती म्हशीम्होरं बसून म्हशीला इचारू लागली, तर तिसऱ्या दिशी म्हैस आटली. खोटं वाटत असंल तर म्हशीला इचारा.

ह्या पोरीचं आन तिच्या आजीचं, दगडाबाईचं, लई जमायचं.

"मी तरनी असताना बिबट्यावर बसून गेवराईच्या बाजाराला गेलते," दगडाबाई म्हनायची.

"बिबट्याला वेसन व्हती का, आजी?"

"न्हाई बाई."

"कावून न्हवती?"

"तो शाना बिबट्या व्हता."

"मग धरलं कशाला?"

"कानाला."

"त्याचा कान दुखला न्हाई? मग तो चावला कावून न्हाई? बाजारात त्याला बांधलं कुठं? शेळ्यांच्या बाजूला का बैलांच्या?"

दगडाबाई घामाघूम. भाकरी थापता थापता ती आपल्या थापंची दुरुस्ती करायची, दुसऱ्या दिशी नवी थाप घेऊन बसायची. आठवडाभरात त्या बिबट्याला वेसन आली, वेसन टोचनारा सोनार आला, आन बाजारसमितीची पावतीबी आली. रोहिणी आतून ऐकायची आन पदर तोंडात कोंबून हसायची. पोरगी कशी घडती ते तिला डोळ्यानं दिसत व्हतं. डी.एड.च्या पुस्तकात जे लिव्हलं व्हतं आन कुनीच कधी केलं न्हवतं, ते तिची अडाणी सासू रोज वसरीत बसून करत व्हती.

मग सर्जेरावानं नातीला फाट्यावरच्या विंग्रजी शाळंत घातलं. टाय, बूट, पिवळी गाडी. म्हागून धाकटा हनुमानबी घातला, त्याला तर आजून नाक पुसायची अक्कल न्हवती. रोहिणीबी तवा खूश व्हती, खोटं कशाला बोलू. रोज टायला इस्त्री करायची. गाडी दारात आली की म्हशीसुद्धा रुबाबात उभ्या ऱ्हायच्या.

पर सहा म्हैन्यात पोरीचं काय तरी झालं.

पैलं तर 'माय'ची 'मम्मी' झाली. त्याचं काय यवढं न्हाई. मग पोरगी माठापाशी जाऊन हात वर करून उभी ऱ्हायाला लागली. "मे आय ड्रिंक वॉटर?" कुनी हो म्हनोस्तर घसा कोरडा. येकदा रोहिणी शेतात गेलती, पोरगी तशीच उभी. आल्यावर बघती तर व्हट सुकलेले आन हात वर. वाटंत म्हैस आडवी बसली तर पोरगी म्हशीला हात दाखवून परवानगी मागायची. आन कावून? कावून बंद. येकदम बंद. जशी मोटार जळती आन पान्याची धार बंद पडती, तसं.

दगडाबाईनं येक दिस बिबट्या काढला. मुद्दाम वेसन काढून टाकली, कान काढून टाकला, बिबट्याला पंख लावले. पोरीनं बोट तोंडावर ठिवून सगळं ऐकलं आन म्हनली, "येस, आजी."

दगडाबाईला त्या दिशी जेवान गेलं न्हाई.

सर्जेराव मातर फुगून गेलता. "पोरगी शानी झाली," म्हनायचा. त्याचंबी खरं व्हतं. दोन बार सरपंच ऱ्हायला, पर ग्रामसभेत त्याचं वाक्य कुनी पुरं होऊ दिलं न्हवतं. आता घरात येक तरी मानूस शेवटपोतर ऐकून घेत व्हतं.

होळीच्या आदी अंजलीला बघायला पाव्हने आलते. अंजली म्हंजी रोहिणीची नणंद. बैठकीत सतरंजी, सतरंजीवर पाव्हने, पाव्हन्यांम्होरं सर्जेराव. रोहिणी आत भजी तळत व्हती. मागच्या अंगाला पान्याची चूल पेटलेली, वारं सुटलेलं. येक ठिनगी उडाली आन कडब्याच्या गंजीवर जाऊन बसली.

आरोही तिथंच खेळत व्हती. तिनं बघितलं. पळत पळत बैठकीच्या दारात आली. येक बोट तोंडावर, दुसरा हात वर. उभी.

येक मिशावाला पाव्हना म्हनला, "सरपंच, ही कोन?"

"नात. विंग्रजी शाळंत हाय."

"वा! मोठी मानसं बोलत्यात तर लेकरू कसं गप उभं हाय. आमचं असतं तर आतापोतर सतरंजी वढली असती बे खालून."

सर्जेरावाची छाती आशी फुगली की सदऱ्याचं वरचं बटन उडालं आन पाव्हन्याच्या चहात पडलं. पोरगी किती येळ उभी ऱ्हाती ते दावायला त्यानं मुद्दाम धरनाच्या पान्याची गोष्ट काढली. ती गोष्ट लांब हाय. पोरीचा हात दुखला, तिनं कोपर चौकटीला टेकवलं, पर हात खाली घेतला न्हाई. पाव्हना बघायचा आन मान डुलवायचा. "आजून उभी हाय बघा!"

रोहिणी भज्यांचं ताट घेऊन आली तवा पोरीच्या मागं आभाळ काळं झालेलं. मग गलका, बादल्या, घागरी, मोटार चालू करा म्हनून बोंब, आन लाईट गेलेली. वर्साची वैरण गेली. गंजीच्या जागी नुसतं काळं वर्तुळ.

रोहिणीनं पोरीला जवळ वढलं. "बाई, तुला दिसलं व्हतं?"

पोरीनं मान हलवली.

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"मला कुनी बोल म्हनलं न्हाई, मम्मी. मी हात वर केलता."

रोहिणीच्या हातात ताट तसंच व्हतं. भजी गार झाली. तिला वाटलं, आज कडबा व्हता. उद्या हनुमान हिरीत पडला तर ही पोरगी काठावर हात वर करून उभी ऱ्हाईल.

आन तुमाला खरं वाटनार न्हाई, सोयरीक जमली! पाव्हने जळक्या कडब्याच्या वासात बसून हो म्हनले. "ज्या घरातलं लेकरू यवढं गप, त्या घरातली पोरगी कशी असंल," म्हनले. त्यामुळं तर रोहिणीचं अवघड झालं. पोरीच्या गप बसन्यानं गंज गेली ते कुनाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई, पर सोयरीक जमली ते गावभर झालं.

दुसऱ्या दिशी पिवळी गाडी आली, भोंगा वाजला. रोहिणी दारात येऊन म्हनली, "न्या परत. पोरं घरी शिकतील. मी शिकवीन."

झालं. बखेडा सुरू.

अमरसिंह दुकानातून तसाच तेलकट हातानं आला. "काय बिनसलं? बाईंनी मारलं का?"

"न्हाई वो. मारलं न्हाई."

"उपाशी ठिवलं?"

"न्हाई."

"मग गाडीवाला काय बोलला का?"

"कुनी काय बोललं न्हाई. तेच तर. लेकरू बोलंना. आवो, तिचं कावून गेलं."

अमरसिंहानं तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप हाय का म्हनून. कपाळाला ग्रीस लागलं ते येगळंच.

शेजारची छबुबाई कुंपनावरून वाकून इचारायची, "व्हय गं, कुनी करणी केली म्हनं पोरीवर?"

"न्हाई छबुकाकू. शाळंत गप बसवत्यात तिला."

"ते तर चांगलंच हाय की! मग खरं काय झालं ते सांग ना. मी कुनाला सांगत न्हाई."

आन संध्याकाळपोतर गावात चार कारणं फिरली. कुनी म्हनलं फी थकली. कुनी म्हनलं सासऱ्याशी भांडान. कुनी म्हनलं भरती झाली न्हाई म्हनून हिनं आपल्याच पोरांवर शाळा काढली, आता हजेरीपट बी आननार, म्हशींचीबी हजेरी घेनार. पारावरची मानसं हसली. रोहिणीच्या कानावर आलं. ती हांडा घासत व्हती, तिनं हांडा आसा घासला की त्याच्या बुडातून पलीकडचं दिसाया लागलं.

तिला वाटायचं, बाईंनी पोरीला येक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. वळ दावता आला असता. सगळं गाव धावून आलं असतं. मारलं न्हाई, रागावलं न्हाई, गोड बोलून पोरीला गप केलं. ते दावायचं कसं? जे गेलं ते दिसत न्हाई, आन जे दिसत न्हाई ते गावाला पटत न्हाई.

म्हनून ती सवताच शाळंत गेली. मोठ्या म्याडमनं तिला पंख्याखाली बसवलं, पानी दिलं.

"आरोही इज अवर बेस्ट चाईल्ड. किती शांत! पाच-पाच तास फिंगर ऑन लिप्स ठेवते. बाकीच्या पालकांना आम्ही तिचं उदाहरण देतो."

"म्याडम, ती घरीबी तसंच करती. आग लागली तरी बोलली न्हाई."

"बघा! किती शिस्त भिनली आहे!"

म्याडमनं कपाटातून सोनेरी रंगाचा प्लॅस्टिकचा कप काढला आन तिच्या हातात दिला. 'आदर्श शांत विद्यार्थिनी'. स्नेहसंमेलनात द्यायचा ऱ्हायलता म्हनं. रोहिणी तो कप पदराखाली झाकून घरी आली, जसं कुनी चोरून कोंबडी आनावी तसं. उकिरड्यात टाकनार व्हती, पर सर्जेरावानं बघितला. धुतला, पुसला आन टीव्हीवर ठिवला. आता रोज बातम्या बघताना तिला तो कप दिसायचा.

बरं, घरी शिकवनं तरी सोपं व्हतं का? रोहिणीला वाटलं व्हतं, पोरगी चार दिसात बोलाया लागंल. लिंबाखाली पाटी घेऊन बसली. शेंगा मोजायला दिल्या, दोरीनं म्हशीची लांबी मोजायला लावली, चिमनीचं घरटं दावलं. आरोही सगळं करायची. सांगितलं तेवढं करायची आन पुढच्या हुकमाची वाट बघत बसायची. हनुमान तर बहिणीकडं बघून बघून मुताया जायलासुद्धा करंगळी वर करून उभा ऱ्हायचा, आन कुनाचं ध्यान गेलं न्हाई की चड्डीत.

रोहिणी मुद्दाम चुकीचं सांगायची. "सूर्य मावळतीला उगवतो."

"येस, मम्मी."

"म्हशीला पाच पाय असत्यात."

म्हैस समोर उभी. पोरीनं म्हशीकडं बघितलं बी न्हाई. "येस, मम्मी."

रोहिणी उठून घरामागं गेली आन भिताडाला डोकं टेकवून उभी ऱ्हायली. सगळं डी.एड. पालथं घातलं, पर त्यात ह्यावर काय इलाज लिव्हला न्हवता.

त्यात दगडाबाईनं वरून थापांचा भडिमार लावलेला. सकाळी येक, दुपारी येक, जसं डाक्टरनं गोळ्या लिव्हून दिल्यात. सापानं तिच्याकडून उसनी साखर नेली. तिच्या आज्यानं डोंगर खांद्यावर घेऊन बीडास्नं आनला आन उलटा ठिवला.

"आत्या, हात जोडते," रोहिणी म्हनली, "पोरीला येक तर काय इचारता येईना, त्यात तुमी तिच्या डोक्यात हे भरू नका."

"मी भरत न्हाई गं. मी उकरतीया."

"उकरून काय निघालं?"

निघालं काय न्हवतं.

मे म्हैन्यात अंजलीचं लगीन झालं. जूनच्या तोंडावर सर्जेरावानं रोहिणीला बैठकीत बोलावलं. बोलावलं म्हंजी हुकूमच.

"अंजलीच्या सासरची मानसं इचारत्यात, ती गुणी नात कुठल्या शाळंत हाय. मी काय सांगू? म्हशीच्या शाळंत हाय म्हनून सांगू?"

"मामा, मी तुमाला सांगितलं का न्हाई..."

"तू काय सांगितलं ते मला म्हाईत न्हाई. मला येवढंच म्हाईत हाय का सोमवारी गाडी येनार. त्याच्या आदी मी राधाकिशन साहेबाला बोलावलंय. शिक्षण खात्याचा मानूस हाय, पोरं शाळंत जात्यात का बघत फिरतो. तो पोरीला सवाल करंल. पोरगी नीट बोलली तर ठिव घरी. न्हाई बोलली तर सोमवारी दोघंबी गाडीत. हाय कबूल?"

रोहिणी हो म्हनली. दुसरं काय म्हननार? तीन म्हैन्यात पोरगी येका शब्दानंबी उलट बोलली न्हवती. आता साहेबाम्होरं बोलंल?

राधाकिशन साहेब आला. पांढरा सदरा, खिशाला पेन, हातात छापील फारम, बसायला निळी प्लॅस्टिकची खुर्ची. अमरसिंह दुकान बंद करून आलता. छबुबाई वाटीभर दही मागायच्या निमित्तानं आली आन दही न मागताच बसली. आरोही मधी उभी. बोट तोंडावर.

"बाळ, नाव काय तुझं?"

पोरीनं बोट काढलं. "माय नेम इज आरोही." बोट परत तोंडावर.

"छान. दोन आणि तीन किती?"

"फाईव्ह, सर."

"वा. तुला शाळा आवडते का?"

"येस, सर."

"घरी शिकायला आवडतं का?"

"येस, सर."

"मग शाळेत परत जाशील का?"

"येस, सर."

सर्जेरावानं मिशीवरून हात फिरवला. अमरसिंह खाली बघाया लागला. साहेब रोहिणीकडं वळून म्हनला, "ताई, मुलगी तर हुशार आहे. शाळेत पाठवायला हवी. आता तुमचं कारण काय ते सांगा. आमच्याकडे ठरलेली कारणं असतात. स्थलांतर, आजारपण, घरकाम, गरिबी. यातलं कुठलं?"

"ह्यातलं न्हाई, साहेब."

"मग?"

"लेकराला प्रश्न पडत न्हाईत म्हनून."

साहेबानं पेन वर धरला. "हे बसत नाही यात."

रोहिणी काय तरी बोलनार, येवढ्यात दगडाबाई पदर सावरत म्होरं आली आन साहेबाच्या शेजारी फतकल मारून बसली. रोहिणीला वाटलं, जिमीन फाटावी. आज नको. आत्या, आज तरी नको.

"साहेब, तुमी कपिलधारला गेलात का कधी?"

"हो आजी, गेलोय."

"मी तरनी असताना तिथली धार येक वर्स उलटी झालती. पानी खालनं वर जायाचं. आमी सगळ्या वर डोंगरावर उभ्या ऱ्हाऊन न्हालो. खाली जे उभे व्हते ते कोरडे ठाक."

रोहिणीनं डोळे मिटले. साहेब मातर चांगल्या घरचा मानूस, म्हाताऱ्या मानसाला कशाला तोडायचं म्हनून मान डुलवत म्हनला, "हो का आजी? वा. निसर्गाचे चमत्कार असतात खरे."

बाहेर म्हैस रवंथ करत व्हती.

आरोहीचं बोट व्हटावरून हळूच खाली घसरलं. हनुवटीवर आलं. तिथं थांबलं. पोरगी आजीकडं बघत न्हवती. ती साहेबाकडं बघत व्हती, आन तिच्या कपाळाला आठी पडली व्हती. ती आठी रोहिणीनं वर्सभरात बघितली न्हवती.

"सर, तुमी हो कावून म्हनलात?"

साहेब दचकला. "काय?"

"आजी खोटं बोलती. तुमी हो कावून म्हनलात?"

"अगं बाळ, आजी मोठ्या आहेत. मोठ्यांना हो म्हणायचं असतं."

"कावून?"

"कारण... ते मोठे असतात."

"मग मोठी मानसं खोटं बोलली तरी हो म्हनायचं? आन पानी वर गेलं तर ते परत खाली पडंल ना? वर काय टाकी हाय का? मग खालचे कोरडे कावून? आजी, तू खोटं बोलतीस! कपिलधारला मी गेलते, पानी खालीच पडतं!"

दगडाबाईचं तोंड आसं फुललं की गालाच्या सुरकुत्यांत जवारीचा दाना ठिवला असता तर लाही झाली असती. "मग सांग बाई, काय झालं असंल?" म्हनली.

"तू डोक्यावर उभी असशील!" पोरगी वरडली.

छबुबाई फिस्सकन हसली. साहेब हसत हसत मागं रेलला, तर निळ्या खुर्चीचा मागचा पाय कडाकन मोडला आन साहेब चहाच्या कपासकट सतरंजीवर. आरोही लगेच जवळ. "खुर्ची कावून मोडली? तुमी जड हाय म्हनून, का खुर्ची जुनी हाय म्हनून?"

साहेब उठता उठता म्हनला, "सरपंच, पोरगी बोलते तर खरी."

सर्जेराव अडून बसला. "हे बोलनं न्हाई. हे उलट बोलनं झालं. मी जवाब द्यायचं बोललतो, सवाल करायचं न्हाई."

आन मग रोहिणीचा बांध फुटला. लगीन होऊन आल्यापास्नं तिनं सासऱ्याम्होरं आवाज चढवला न्हवता. "मामा! त्या दिशी गंज पेटली तवा ही पोरगी तुमच्या बैठकीच्या दारात हात वर करून उभी व्हती. पाव्हने वा वा करत व्हते. तुमी धरनाच्या पान्याची गोष्ट सांगत व्हता. तिला आग दिसली व्हती! तिला बोल म्हनलं न्हाई म्हनून ती बोलली न्हाई! म्हनून मी पोरं घरी ठिवली. फी न्हाई, करणी न्हाई, भरती न्हाई. हे येवढंच कारण हाय. येवढंच!"

सर्जेरावानं मागच्या दाराकडं बघितलं. तिथनं ते काळं वर्तुळ दिसत व्हतं, आजून त्यावर गवत उगवलं न्हवतं. तिकडंच बघत म्हनला, "मग हे मला आदी कावून सांगितलं न्हाईस?"

रोहिणीनं होळीच्या आदी सांगितलं व्हतं. होळीला सांगितलं व्हतं. जेवताना, वैरण इकत आनताना, अंजलीच्या हळदीला सांगितलं व्हतं. तिला हसू बी आलं आन रडू बी आलं. "चुकलं मामा," म्हनली. "मी हात वर केला न्हवता."

सर्जेराव उठला, टीव्हीवरचा कप उचलला, इकडं तिकडं बघितलं, टाकायला काय त्याचा जीव झाला न्हाई. म्हशींच्या पेंडीच्या पिंपात टाकला, माप म्हनून. "दिवाळीपोतर," म्हनला. "दिवाळीपोतर ठिव घरी. मग बघू."

साहेब सदऱ्यावरचा चहा पुसत म्हनला, "ताई, पण मी कारण काय टाकू? तुमचं कारण बसत नाही."

"तुमाला काय बसतं ते टाका."

त्यानं जरा इचार केला आन 'स्थलांतर' टाकलं. म्हंजी सरकारच्या हिशेबानं आरोही आन हनुमान गाव सोडून गेले, आन दोघं तर बैठकीत उभे व्हते. रोहिणीनं कपाळावर हात मारून घेतला. येवढं सगळं होऊन कागदावर गेलं ते खोटंच. तिचं कारण आजूनबी कुठंच गेलं न्हवतं, तिच्याच गळ्यात ऱ्हायलं व्हतं.

सोमवारी पिवळी गाडी आली, भोंगा वाजवून गेली. रोहिणी लिंबाखाली पाटी घेऊन बसली.

"माय," आरोही म्हनली, "गाडी पिवळी कावून? भोंगा वाजवला आन थांबली कावून न्हाई? साहेबानं खोटं लिव्हलं तर त्याला कोन शिक्षा करतं? हनुमान येडा कावून हाय?"

दुपारपोतर रोहिणीचं डोकं दुखाया लागलं. "गप बस जरा," तिच्या तोंडून निघालं, आन तिनं लगेच आपलंच तोंड आपल्या हातानं दाबलं.

"कावून?" पोरगी म्हनली.

तर सांगायची गोष्ट ही, शब्द न् शब्द खरा. आटलेली म्हैस खरी, पळालेला कासार खरा, चहात पडलेलं बटन खरं, बिबट्या तर खराच. फक्त येक, ते साहेबाच्या खुर्चीचं. खुर्चीचा पाय मोडला न्हवता. साहेब शेवटपोतर तिच्यावर आरामात बसूनच व्हता, आन आरामात बसूनच त्यानं 'स्थलांतर' लिव्हलं. ते मला बघवलं न्हाई, म्हनून मी मोडला.